क्वाना नावा? नायजरमधल्या आठ रात्री

पहिला दिवस : नियामे

नायजरला चाललोय म्हटलं की समोरचा माणूस आपणहून दुरुस्ती करतो, "नायजेरिया म्हणायचंय ना?" निघायच्या आधी महिनाभर मी हेच समजावत होतो. नायजेरिया खाली, समुद्राकाठी, तेलवाला. नायजर त्याच्या डोक्यावर. समुद्र नाही, पाऊस नाही, आकार महाराष्ट्राच्या चौपट आणि त्यातला बहुतेक भाग सहारा. लोक राहतात ते दक्षिणेच्या पट्ट्यात. त्याला साहेल म्हणतात. २०१८ च्या मानव विकास निर्देशांकात १८९ देश होते आणि नायजर १८९ वा होता.

मी आष्टी तालुक्यातला, जिल्हा बीड. पाणलोटाच्या कामात एकोणीस वर्षं गेली. एका परदेशी देणगीदार संस्थेनं 'अनुभवांची देवाणघेवाण' अशा झकास नावाखाली आमच्या संस्थेतल्या दोघांना बोलावलं, जानेवारी २०१९ मध्ये. एक मी आणि दुसऱ्या ताई. ताई आमच्यातल्या सगळ्यात जुन्या कार्यकर्त्या, वय बासष्ट, शुद्ध शाकाहारी. सामानात निम्मी बॅग शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीच्या खारोड्या.

मुंबईहून आदिस अबाबा, तिथून नायजरची राजधानी नियामे. खिडकीतून खाली नुसता मळकट उजेड दिसत होता. ढग म्हणावेत तर तसे नाहीत. विमान उतरल्यावर कळलं, ती धूळ होती. या दिवसांत सहाराकडून हरमाटान वारा सुटतो आणि सूर्य दुपारीसुद्धा ताकातल्या लोण्यासारखा फिकट दिसतो. पासपोर्टच्या आधी पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड मागितलं. ते कार्ड ताईंनी चटणीच्या डब्याखाली ठेवलेलं. रांग थांबवून आम्ही बॅग उपसली.

आमच्यासोबत आठवडाभर राहणारा दुभाष्या दक्षिणेतल्या मराडी शहराकडचा, शेतीतला पदवीधर. सगळे त्याला 'मालाम' म्हणत होते. मालाम म्हणजे गुरुजी. आम्हीही तेच म्हणू लागलो.

पाहुणेघराचा राखणदार मालामच्याच मुलखातला निघाला. त्यानं आधी आमची विचारपूस केली, आणि ती विचारपूस काही संपेना. रात्र कशी गेली, घर कसं आहे, थकवा कसा आहे, काम कसं आहे. प्रत्येकाला उत्तर एकच, 'लाफिया', म्हणजे बरं. घरी खरोखर कुणी आजारी असेल तरी आधी लाफियाच म्हणायचं, मग सावकाश आजार सांगायचा. हे सगळं झाल्यावर त्यानं विचारलं, "क्वाना नावा?"

मालामनं उलगडून सांगितलं. हौसा भाषेत मुक्काम रात्रींत मोजतात. इथे किती रात्री झोपणार, असा प्रश्न आहे. मी म्हणालो, आठ. राखणदारानं मान हलवली आणि म्हणाला, "कदन." थोड्या.

रात्री जेवायला भरड्याचं सांज्यासारखं काहीतरी आलं, त्यात हिरवा पाला आणि वरून शेंगदाण्याच्या पेंडीचा चुरा. ताईंनी पहिल्या घासालाच ओळखलं. "अरे, हा तर शेवगा!" इथे शेंगा कुणी खात नाही, सगळा मान पाल्याला. ताईंनी दोनदा वाढून घेतलं. बॅगेतली चटणी त्या आठवड्यात फारशी उघडलीच नाही.

दुसरा दिवस : नियामे ते कोन्नी

पहाटे निघालो. रात्री गाडी चालवायची नाही हा ड्रायव्हरचा नियम, आणि कोन्नी चारशे किलोमीटर.

शहर सोडून तासाभरानं कुरे लागतं. पश्चिम आफ्रिकेतले उरलेसुरले जिराफ इथे मोकळ्या रानात, लोकांच्या बाजरीच्या शेतांतून हिंडतात. कुंपण नाही. १९९६ साली मोजले तेव्हा एकोणपन्नास भरले होते, आम्ही गेलो तेव्हा सहाशेच्या वर गेलेले. गावातलीच पोरं वाटाडे म्हणून गाडीच्या टपावर बसून येतात, त्यातून गावाला चार पैसे मिळतात. एक जिराफ आमच्यापासून वीस पावलांवर बाभळीचा शेंडा ओरबाडत होता. काट्यांसकट. जीभ काळसर निळी. ताई म्हणाल्या, "आपल्याकडे हरणं शेतात शिरली तर लोक तहसीलदाराकडे मोर्चा नेतात." दीड वर्षानं, ऑगस्ट २०२० मध्ये, याच रानात सहा फ्रेंच तरुण मदतकर्ते, त्यांचा ड्रायव्हर आणि स्थानिक वाटाड्या यांना बंदूकधाऱ्यांनी मारलं. बातमी वाचली तेव्हा मला त्या टपावरच्या पोराचा चेहरा आठवेना, याचाच फार त्रास झाला.

रस्ता सरळ, कंटाळवाणा, मधूनच खड्ड्यांचा. दोन्ही बाजूंना पत्र्याचे बोर्ड. अमुक प्रकल्प, तमुक देशाच्या जनतेची भेट, आरंभ आणि समाप्तीची वर्षं. तीन वर्षांचे, चार वर्षांचे. काही गंजून आडवे झालेले, एकाचा तर शेळ्यांच्या कोंडवाड्याला दरवाजा केलेला. ताईंनी वहीत रेघा ओढायला घेतल्या. दोस्सो येईपर्यंत एकतीस झाल्या, मग त्यांनी वही मिटली. मी हसलो नाही. आष्टी-पाटोदा रस्त्यावर आमच्या संस्थेचेही बोर्ड आहेत.

वाटेत ताईंनी खजूर घेतला तेव्हा गंमत झाली. बाई म्हणाली 'वीस' आणि घेतले शंभर फ्रँक. ताईंना वाटलं, फसवलं. पण इथे बाजारात मोजणी 'दाला'नं होते, आणि एक दाला म्हणजे पाच फ्रँक. वीस दाला, शंभर फ्रँक, हिशेब चोख. आपल्या आजीचं बारा आणे-चौदा आणे जसं. गणित कच्चं असेल तर साहेलमध्ये भाजी घेऊ नये.

तिसरा दिवस : गाल्मी, मज्जिया खोरं

कोन्नीच्या पुढे गाल्मी. रस्त्याच्या कडेला जांभळट कांद्याच्या गोण्यांच्या भिंती. गाल्मीचा कांदा पश्चिम आफ्रिकेत प्रसिद्ध, घाना आणि आयव्हरी कोस्टपर्यंत जातो. लासलगावच्या माणसाला इथे अगदी घरचं वाटेल. भाव पडल्याची तक्रारही तीच. इथे १९५० पासून एका ख्रिस्ती मिशनचा दवाखाना चालू आहे. बाहेर खाटा टाकून, चुली मांडून रोग्यांचे नातेवाईक बसलेले. देश स्वतंत्र झाला १९६० साली, म्हणजे दवाखाना देशापेक्षा दहा वर्षांनी मोठा.

मग मदाउआवरून उत्तरेला बूझाकडे वळलो. हे मज्जिया खोरं. दुरून पाहिलं तर खोऱ्याला कुणी हिरव्या दोऱ्यानं धावदोरा घातल्यासारखा. जवळ गेल्यावर कळलं, कडुनिंब! आपला कडुनिंब, दुहेरी रांगांत, खोऱ्याच्या आडवा, मैलोनमैल. वाऱ्यानं माती आणि नुकतं उगवलेलं पीक उडून जायचं, म्हणून १९७० च्या दशकाच्या मध्यापासून केअर या संस्थेनं आणि जंगलखात्यानं गावकऱ्यांच्या मदतीनं हे वातरोधक पट्टे लावले. त्याच्या जरा आधी, १९७३-७४ चा मोठा दुष्काळ होऊन गेला होता. आमच्याकडे बहात्तरचा, त्यांच्याकडे त्र्याहत्तरचा. ताईंनी मिलोचं नाव काढलं. ती लाल ज्वारी आठवणारी माणसं आता त्यांच्या वयाचीच उरलीत.

मालामनं एक बारीक गोष्ट सांगितली. झाडं वाढली, पीक वाचायला लागलं, तरी कित्येक वर्षं गावकऱ्यांना वाटत होतं की ही झाडं जंगलखात्याची. फांदी तोडायची ती चोरासारखी. लावली त्यांनी, राखली त्यांनी, आणि मालक दुसराच. मला आमच्या बांधावरचा साग आठवला. तो तोडायला वडिलांनी परवान्यासाठी किती हेलपाटे घातले होते!

बूझाच्या वरच्या माळावर माती भाजलेल्या खापरीसारखी. पाऊस पडला तरी वरून वाहून जाणारा. तिथे पन्नास-साठ माणसं, निम्म्याहून जास्त बाया, अर्धचंद्र खणत होती. चार मीटर रुंदीचा अर्धवर्तुळाकार खड्डा, मातीचा बांध उताराच्या बाजूला. एका हेक्टरात तीनशेच्या वर बसतात. पुरुष कमी का, विचारलं. मालाम म्हणाला, सुगी संपली की ते नायजेरियाला, लिबियाला, अल्जेरियाला जातात आणि पाऊस आला की परततात. मी म्हणालो, आमच्याकडे दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्यावर जातात, पण जोडीनं, लेकराबाळांसह. त्यानं विचारलं, "मग गावात कोण राहतं?" मी म्हणालो, "म्हातारी माणसं." तो म्हणाला, इथे म्हातारी माणसं आणि बाया.

ताईंनी एकीच्या हातातली कुदळ घेतली आणि दोन घाव असे घातले की बायांनी जिभेचा लांब आवाज काढून दाद दिली. मग तीच म्हणाली, "क्वाना नावा?" ताई बोटं दाखवून आठ म्हणाल्या. बाईनं कुदळ परत घेतली.

शेजारच्या वाडीत पाणी प्यायला थांबलो. तिथे पायानं दाबायचा एक फ्रेंच पंप होता आणि बंद होता. बाया विहिरीवर. टायरच्या ट्यूबची बादली, हौसात तिला 'गुगा' म्हणतात, लांबच लांब दोर, आणि दोर ओढायला गाढव. पंपाचा एक रबरी भाग फाटलेला. तो मिळतो मराडीत, आणायला भाडं लागतं, भाडं कुणी द्यायचं यावर पंचायत दोनदा बसली आणि दोनदा उठली. पंपाशेजारचा बोर्ड मात्र नवाकोरा.

हापशाच्या बाबतीत आपण मराठवाड्यातले लोक जरा मिजास करू शकतो. १९६० च्या दशकात ओतीव लोखंडाचे हापसे दुष्काळी गावांत दिवसभर चालून मोडायचे, कारण ते एका घराच्या वापरासाठी केलेले. जालन्याच्या मिशनमधल्या लोकांनी पोलादी, साखळीवर चालणारं डोकं बनवलं, सोलापुरात ते आणखी सुधारलं, आणि त्यातूनच पुढे युनिसेफच्या मदतीनं इंडिया मार्क टू आला. शेजारच्या मालीत त्याचाच भाऊ 'इंडिया-माली' नावानं तयार होतो. हे मी मालामला मोठ्या अभिमानानं सांगत होतो. सगळं ऐकून तो म्हणाला, "तुमच्या गावात तो बिघडला तर किती दिवसांत दुरुस्त होतो?" मी विषय बदलला.

चौथा दिवस : मराडी

धुळीचं, मोटारसायकलींचं, व्यापारी शहर. एके काळी हा शेंगदाण्याचा मुलूख. फ्रेंचांनी निर्यातीसाठी शेंगदाणा वाढवला आणि त्यासाठी रान साफ होत गेलं. २००५ च्या उपासमारीत जगभरच्या टीव्हीवर जी पोरं दिसली, त्यांतली बरीच याच भागातली होती. त्या वर्षी शेंगदाण्याची दुधाळ पेस्ट पुड्यांतून देऊन हजारो पोरं वाचवली गेली. प्लंपीनट तिचं नाव, आता नियामेतही बनते. ताईंनी चाखली. "राजगिऱ्याच्या लाडवाची सर नाही," म्हणाल्या, पण पुडी नीट दुमडून पिशवीत ठेवली.

बाकी दिवस बैठकींत गेला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पडद्यावरच्या आकृत्यांमध्ये बाण फार होते.

पाचवा दिवस : अगियेकडचं गाव

याच दिवसासाठी आलो होतो, असं आता वाटतं.

मराडीच्या पूर्वेला अगिये. मुख्य रस्ता सोडून वाळूच्या वाटेला लागलो आणि दोन किलोमीटरवर गाडी रुतली. ड्रायव्हर शांतपणे उतरला आणि चाकांतली हवा सोडू लागला. हवा कमी असली की चाक पसरतं आणि वाळूवर चालतं. मालाम हसायला लागला. म्हणाला, "आमची सगळी गोष्ट इथूनच सुरू होते, चाकातली हवा सोडण्यापासून."

टोनी रिनौदो नावाचा ऑस्ट्रेलियन शेतीतज्ज्ञ १९८१ साली मिशनच्या कामाला मराडीला आला. वाळवंट थोपवायचं तर झाडं लावायची, हे तेव्हा सगळ्यांचंच मत. तोही वर्षाला हजारो रोपं लावत होता आणि त्यातली बहुतेक मरत होती. उन्हानं, शेळ्यांनी, वाळवीनं. १९८३ मध्ये एकदा तो रोपांनी भरलेला ट्रेलर घेऊन निघालेला. वाळू आली, हवा सोडायला खाली उतरला, आणि समोरच्या झुडपाकडे नीट पाहिलं. रोज दिसणारं झुडूप. पानं पाहिली तर ते झुडूप नव्हतंच, तोडलेल्या झाडाच्या खोडाला फुटलेली पालवी होती. खाली मुळं जिवंत. सगळ्या माळावर अशी लाखो खोडं. जंगल जमिनीखाली होतंच, लोक दरवर्षी पेरणीआधी ते छाटत आणि जाळत होते.

पुढचं काम हास्यास्पद वाटावं इतकं सोपं. खोडाला पंधरा-वीस धुमारे फुटतात. त्यातले सरळ, जोमदार तीन-चार ठेवायचे, बाकी कापायचे, ठेवलेल्यांच्या खालच्या फांद्या छाटायच्या. खर्च एका कोयत्याचा. सोपं ते झाडाला. माणसांना नाही. शेतात झाड ठेवणारा म्हणजे आळशी शेतकरी, ही समजूत. शिवाय फ्रेंचांच्या काळापासूनच्या कायद्यानं झाड सरकारचं. मग मोठं कशाला करायचं? लोक त्याला वेडा गोरा शेतकरी म्हणत. मालाम म्हणाला, "वेडा होताच. तीन वर्षांत निघून गेला असता तर शहाणा ठरला असता." तो १९९९ पर्यंत राहिला.

गावात पोचलो तेव्हा मै-गरी, म्हणजे गावचा पाटील, चटई टाकून बसलेला. लाफिया, लाफिया, लाफिया. मग लाकडी भांड्यात फुरा आला, बाजरीचे गोळे आंबट दुधात कुस्करलेले, डावानं प्यायचे. ही बाजरी मूळची याच पट्ट्यातली, इथून आपल्याकडे आली. ताईंनी खारोड्या काढल्या. पाटलानं एक दाढेखाली घेतली, बराच वेळ चावली, आणि म्हणाला, "हात्सी." बाजरी. ओळख पटली.

मी विचारलं, सुरुवात कशी झाली? मला पडद्यावरच्यासारखं उत्तर अपेक्षित होतं. म्हातारा म्हणाला, "भुकेनं." १९८४ चा दुष्काळ. रिनौदोच्या मिशननं धान्य वाटलं, पण अट घातली, हेक्टरी चाळीस झाडं राखायची. "राखली. पोटासाठी काहीही राखलं असतं." मग पाऊस आला, धान्य थांबलं. "मग आम्ही तोडली." मालाम भाषांतर करताना जरा अडखळला. मी पुन्हा विचारलं. हो, बऱ्याच जणांनी तोडली. ज्यांनी तोडली नाहीत त्यांच्या शेतात पुढच्या वर्षी वाळूच्या वाऱ्यानं कोंब कमी मेले, बायकांना सरपण बांधावर मिळालं. "दुसऱ्याच्या शेतात दिसलं तेव्हा आम्हाला दिसलं." दोन-तीन पावसाळे असे गेले. जंगलखात्याच्या स्थानिक अधिकाऱ्यानं, तुमचं झाड तुम्हीच कापा, आम्ही दंड करणार नाही, असं तोंडी कबूल केलं होतं. त्या शब्दावर सगळं उभं राहिलं. कायदा बदलायला वीस वर्षं लागली. २००५ च्या सुमारास उपग्रहाच्या चित्रांत अभ्यासकांनी पाहिलं, तेव्हा दक्षिण नायजरमध्ये पन्नास लाख हेक्टरांवर वीस कोटी झाडं उभी असल्याचा अंदाज निघाला. त्यातली लावलेली जवळपास नाहीतच.

मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटली ती मधली दोन-तीन वर्षं. झाडं तोडली गेली ती. त्या वेळी प्रकल्पाचं मूल्यमापन झालं असतं तर अहवालात 'अपयशी' लिहून फाइल बंद झाली असती. मी स्वतः असे अहवाल लिहिले आहेत.

दुपारी शेतात गेलो. बाजरी कधीच निघालेली, बुडखे उरलेले, सगळं पिवळं. आणि त्यात गाओची झाडं हिरवीगार. हे झाड उलट्या काळजाचं. पावसाळ्यात पानं गाळतं आणि पाऊस सरला की पालवतं. त्यामुळे पिकावर सावली नाही, पानांचं खत फुकट, आणि चाऱ्याच्या ओढीत शेंगा शेळ्यांना. शहाण्या माणसानं मुद्दाम बनवावं असं.

पण मी थांबलो ते दुसऱ्याच एका झुडपापाशी. पान दोन पाकळ्यांचं, मधोमध खाच, हाताला खरखरीत. मी ताईंना हाक मारली. दोघंही खाली बसलो. "आपटा," ताई म्हणाल्या. इथे त्याला 'कलगो' म्हणतात. आपट्याचाच सख्खा चुलतभाऊ. सालीचे दोर, शेंगा जनावरांना, लाकूड चुलीला. मी मालामला दसऱ्याचं सांगितलं. आम्ही हे पान सोनं म्हणून एकमेकांना देतो, वाकून नमस्कार करतो. त्यानं ते शेताच्या मालकिणीला हौसात सांगितलं. ती साठीपुढची विधवा, कमरेला कोयती. ती इतकी हसली की खोकला लागला. "मग तुमच्याकडे सोनं खूप असेल."

ताई म्हणाल्या, "नाही गं बाई. एका दिवसात ओरबाडून टाकतो." मालामनं हे भाषांतरित केलं की नाही, माहीत नाही.

सहावा दिवस : त्याच गावात

रात्री गावातच झोपलो. थंडी आपल्या पौषातल्यासारखी. पहाटे मुसळांच्या आवाजानं जाग आली. दोघी-तिघी एकाच उखळात, एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली, मधेच एखादी मुसळ हवेत सोडून टाळी वाजवते आणि परत झेलते.

म्हातारीनं मला शेतात बोलावून घेतलं आणि कलगोचं एक खोड दाखवलं. छाट, म्हणाली. मी सतरा धुमारे मोजले. एकोणीस वर्षांचा अनुभव, म्हणून ऐटीत कोयती घेतली आणि मधला सगळ्यात जाड धुमारा ठेवायचा ठरवला. तिनं माझं मनगट धरलं. जाड धुमाऱ्याच्या बुडाशी बोट घातलं, तिथे तो खोडापासून फाटत आलेला. जोराच्या वाऱ्याला गेला असता. मग तिनं पातळसे पण खोडाला घट्ट चिकटलेले तीन दाखवले. बाकीचे मी कापले. घाव खालून वर घालायचा, म्हणजे साल सोलली जात नाही. माझे दोन घाव वरून पडले. तिनं जिभेनं चक् केलं. कापलेल्या काटक्या लगेच मोळीत, सकाळच्या चुलीला. एका धुमाऱ्याला तिनं आपल्या ओढणीची चिंधी बांधली आणि म्हणाली, हे तुझं.

मग तोच प्रश्न. "क्वाना नावा?" मी म्हणालो, अजून तीन. तिनं झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही.

गावातून निघताना पाटलानं एक तक्रार सांगितली, ती लिहितो. झाडं झाली म्हणून आता बाहेरचे लोक येतात, रात्री फांद्या तोडून नेतात, गुराखी गुरं घालतात. राखणीला गावची समिती आहे, पण चोर नातेवाईक निघाला की समिती गप्प. ताई म्हणाल्या, "हे मात्र डिट्टो आपल्यासारखं," आणि डिट्टोचं हौसात काय करावं, हे मालामला सुचेना.

सातवा दिवस : दांजा

मराडीच्या दक्षिणेला दांजा. १९५६ पासून इथे कुष्ठरोग्यांचा दवाखाना आहे. बाळंतपणात अडून आतून इजा झालेल्या, सतत लघवी गळते म्हणून नवऱ्यानं आणि गावानं टाकलेल्या बायांसाठी २०१२ साली शस्त्रक्रियेचं केंद्रही निघालं. मुली फार लहान. काहींच्या हातात विणकामाच्या सुया. ताई दोन तास त्यांच्यात बसल्या, एकही भाषा सामाईक नसताना. मी बाहेर झाडाखाली. ताईंनी तरुणपणी दोन महिने आनंदवनात काढलेत. परत येताना त्या गाडीत एवढंच म्हणाल्या, "इथे कुणी आठ दिवसांसाठी येत नाही."

आठवा दिवस : परतीचा रस्ता

सगळा दिवस रस्ता. बोर्ड या वेळी ताईंनी मोजले नाहीत. गाल्मीला मात्र गाडी थांबवायला लावली आणि पाच किलो कांदा घेतला, नियामेतल्या राखणदारासाठी. त्यानं कांदा घेतला, लाफिया-लाफिया झालं, आणि बोटं दुमडत स्वतःच मोजलं, आठ. "सै वाता राना." पुन्हा कधीतरी.

नंतर

पुन्हा गेलो नाही. आधी कोरोना, मग मराडीकडच्या वाटांची बातमी कधी धड नाही, आणि जुलै २०२३ मध्ये लष्करानं सत्ता घेतल्यावर आम्हाला बोलावणाऱ्या संस्थेनंही गाशा गुंडाळला. ताई निवृत्त झाल्या. अंगणात त्यांनी शेवगा लावलाय आणि शेंगा शेजाऱ्यांना वाटून पाला स्वतः खातात.

मालाम मधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर असतो. पहिल्या वर्षी त्यानं माझ्या कलगोचा फोटो पाठवला. तीनपैकी एक धुमारा गायब, कुणीतरी रात्री नेलेला. चिंधी उन्हानं पांढरी पडलेली. दुसऱ्या वर्षीच्या फोटोत शेजारी गाढव उभं होतं आणि झाड गाढवाच्या वर गेलेलं. मग बराच काळ काही नाही.

गेल्या हिवाळ्यात त्याचा आवाजी निरोप आला, मागे कोंबड्यांचा कालवा. म्हातारी भेटली होती. चिंधीवाल्या झाडाची सगळ्यात जाड फांदी तिनं नातीच्या बारशाला तोडली, जेवणाच्या चुलीला. मला कळवायला सांगितलंय, म्हणाला, की तुझं लाकूड चांगलं जळलं, धूर अजिबात झाला नाही.